मदत हवी आहे: संगीतकार क्रॉमरच्या दोन क्लॅरिनेटच्या कॉन्सर्टोत सूर जुळत नाहीत

सावनी_क: तीन आठवडे झाले, वैताग आलाय. ओपस (रचना क्रमांक) ३५, मी दुसरी क्लॅरिनेट. अडाजिओत (संथ भागात) आम्ही दोघी हलक्या आवाजात थर्डमध्ये (सा-ग एवढ्या अंतराने) जातो तिथे सूर घासतात, आवाज थरथरल्यासारख्या लाटा स्पष्ट ऐकू येतात. माझा ट्यूनरचा काटा बरोब्बर मध्ये आहे. शनिवारी ऑर्केस्ट्राबरोबर तालीम आहे. लवकर सांगा.

फुंकर: हलकं वाजवलं की सूर उतरतोच. ओठ आवळा, चढेल.

रीड_अडीच: फुंकर, तुमचं फ्लूटला खरं आहे, क्लॅरिनेटचं उलटं. हलकं वाजवलं की चढतं, जोरात उतरतं. आवळलं तर आणखी बिघडेल. सावनी, राहता कुठे? दोघींची वाद्यं कुठली? ट्यूनरचा ए किती हर्ट्झवर?

सावनी_क: लाइपझिग, हौशी ऑर्केस्ट्रा. माझं बोम (फ्रेंच पद्धतीच्या चाव्यांचं), जोडीदारणीचं इथलं ओएलर (जर्मन पद्धतीचं). ट्यूनर आला तसाच, ४४०.

रीड_अडीच: अहो, हे आधी सांगायचं! जर्मनीत ऑर्केस्ट्रा बहुधा ४४२-४४३ वर असतात. तुम्ही बॅरल (मुखाखालचा छोटा नळीचा तुकडा) ओढून ४४० गाठत असाल. बॅरल ओढला की सगळ्यात जास्त उतरतात ते गळ्यातले (नळीच्या वरच्या टोकाजवळच्या भोकांचे) जी, ए, बी-फ्लॅट, कारण तिथे हवेचा स्तंभ आखूड. बाकीचे सूर तेवढे उतरत नाहीत. शिवाय ओएलरची नळी वेगळी, तिचे कच्चे (जात्याच थोडे चढे-उतरे) सूर तुमच्याहून वेगळे.

तंबोरा७: पण काट्यावर का जाता? काटा समान अंतरांच्या सप्तकाचा. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो. मोठ्या थर्डचा (सा ते शुद्ध ग) वरचा सूर तिथे आला की लाटा थांबतात. लहान थर्डमध्ये (सा ते कोमल ग) वरचा उलट १६ सेंट चढवायचा.

रीड_अडीच: आधी पट्टी एक करा, मग गांधार.

तंबोरा७: पट्टी कानानेच एक होते.

मध्यमग्राम: मोत्सार्टचा क्लॅरिनेट कॉन्सर्टो, के. ६२२, ऐका, बासेट क्लॅरिनेटवरचा (जास्त खालचे सूर असलेल्या क्लॅरिनेटवरचा). डोळे मिटून.

चंद्रभागा: क्रॉमर मोराव्हियातला (आजच्या चेक देशातला), कामेनित्से गावचा. जन्म १७५९, बिथोव्हेनपेक्षा अकरा वर्षांनी मोठा. १८३१ मध्ये व्हिएन्नात वारला. ओपस ९१ सुद्धा दोन क्लॅरिनेटसाठीच आहे, तोही वाजवा.

सावनी_क: चंद्रभागा, आधी हाच निभावू दे! काल तिच्या घरी बसलो. ट्यूनर बाजूला ठेवला, दहा मिनिटं वाद्यं गरम केली. मी खालचा सूर धरून ठेवला, तिने वरचा हळूहळू उतरवला. एका जागी घासणं थांबलं आणि खाली तिसराच एक सूर घुमल्यासारखा वाटला. अंगावर काटा आला. पण माझा गळ्यातला ए अजून चढतोय, बॅरल आत ढकलल्यापासून जास्तच.

रीड_अडीच: तो ए वाजवताना उजव्या हाताची दोन-तीन बोटं भोकांवर झाकून ठेवा. सूर उतरेल, भरेलही. कुठली बोटं, हे वाद्यावाद्यावर ठरतं. आज रात्री एकेक करून बघा आणि इथे सांगा.