इंटरफेरॉन कायम चालू का नसतं?

वर विचारलंय की विषाणूला रोखायला इंटरफेरॉन (पेशींनी सोडलेलं, धोक्याचा इशारा देणारं प्रथिन) इतकं कामाचं आहे, तर पेशी ते कायमच का बनवत नाहीत? प्रश्न अगदी मोक्याचा आहे. माझ्या मते उत्तर दोन एन्झाइमांच्या (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या) ओढाताणीत आहे.

पहिलं सीजीएएस. आपला डीएनए एरवी केंद्रकात आणि मायटोकाँड्रियात असतो. तो पेशीद्रवात दिसला की काहीतरी बिनसलंय. सीजीएएस त्याला चिकटतं, आकार बदलतं आणि एटीपी व जीटीपी हे पेशीतले दोन छोटे रेणू जोडून सीजीएएमपी नावाचा चिमुकला रेणू घडवतं. हा रेणू स्टिंग या प्रथिनाला भिडला की पुढे इंटरफेरॉनची जनुकं जागी होतात. डॅलसमधल्या झिजियान चेन यांच्या गटाने २०१३ मध्ये हे उलगडलं, आणि मला ते आजही थक्क करतं. पण सीजीएएस डीएनएचा क्रम वाचत नाही. तो विषाणूचा की आपलाच, हे त्याला कळत नाही!

म्हणून दुसरं एन्झाइम, ट्रेक्स१, लागतं. पेशीद्रवात आलेला डीएनए ते टोकाकडून कुरतडून संपवतं. ज्या बाळांत त्याचं जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्यात विषाणू नसतानाही इंटरफेरॉन बनत राहतं. ते कायम चालू राहिल्याची किंमत मोठी असते: मेंदूला इजा होते, तिथे कॅल्शियम साचतं. हा ऐकार्डी-गुटिएर सिंड्रोम. गर्भातच झालेल्या विषाणूसंसर्गाशी त्याचं इतकं साम्य असतं की निदानात गल्लत होऊ शकते.

विषाणूही गप्प बसत नाहीत. देवीच्या लशीतला व्हॅक्सिनिया हा विषाणू पॉक्सिन नावाचं स्वतःचं एन्झाइम वापरून सीजीएएमपीच तोडतो, म्हणजे निरोप स्टिंगपर्यंत पोहोचतच नाही.