मदत हवी आहे: पाइन तोडल्यावर मुळांवरची बुरशी राहते का? (अर्जंट)

कांतारेलवाली: नमस्कार. पाइनचं रान सगळं कापताहेत. मुळांवरची चांगली बुरशी राहते की जाते? विकत मिळते का? परवापर्यंत हवंय, लांबड नको प्लीज.

निफाडकर: मिळते की. मायकोरायझाची (मुळांवरच्या बुरशीची) पावडर, एकरी चार किलो, शेणखतात कालवून. माझ्या द्राक्षबागेतली पांढरी मुळी बघायला या.

मातीमोल: दादा, द्राक्षाची बुरशी मुळाच्या पेशीत शिरते. पाइनची मुळाच्या टोकांवर बाहेरून मोजा चढवते. जात वेगळी, तुमची पावडर इथे फुकट. ताई, रान कुठलं? किती? बुंधे उपटणार?

कांतारेलवाली: अहो स्वीडन, स्मोलांड. सासऱ्यांचं, तीन हेक्टर. तिथेच आम्ही कांतारेल, म्हणजे पिवळी रानअळंबी, वेचतो.

निफाडकर: हे आधी सांगायचं ना! शेणखत तरी घालाच.

अळंबीप्रेमी: काळजी नको. आमच्या गोव्यातल्या सत्तरीत झाडं गेली तरी वारुळावर दर पावसात अळंबी येते.

मातीमोल: तिला वाळवी पोसते. ही जिवंत झाडाच्या साखरेवर जगते, झाड पडलं की रेशन बंद. स्वीडनच्याच पाइन जंगलांतला २०१९ चा अभ्यास आहे: एकही झाड न ठेवता तोडलं तिथे या बुरशीच्या जाती सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या, प्रमाण ९५ टक्क्यांनी. झाडं राखली तिथे त्या मानाने टिकली.

घनदाट: झाडं बुरशीतून एकमेकांशी बोलतात. वनशास्त्रज्ञ सुझन सिमार्ड यांचा १९९७ चा प्रयोग वाचा. आईझाड, म्हणजे जुनं मोठं झाड, ठेवा!

मातीमोल: तो कॅनडात बर्च आणि डग्लस फरवर होता, पाइनवर नाही. एका झाडातला कार्बन दुसऱ्यात बुरशीतूनच गेला का, यावर अजून भांडणं चालू आहेत. झाडं ठेवा हे बरोबर, गप्पा मारतात म्हणून नव्हे. ताई, कापून झालंय की व्हायचंय?

कांतारेलवाली: व्हायचंय. वनखात्याला सहा आठवडे आधी कळवावं लागतं, ते परवा.

मातीमोल: मग विकत कसली घेताय! उभी झाडं सोडा, घोळक्याने. नवी रोपं त्यांच्या मुळांच्या टप्प्यात लावली की बुरशी आपसूक चढते. यंत्र जमीन गोठल्यावरच आत घाला, नाहीतर चाकोऱ्यांत माती दबून दगड होते.

कांतारेलवाली: काल एक रोपटं उपटून मुळं धुतली. टोकं आखूड, गलोलीसारखी दुभंगलेली, वर पांढरी साय. हीच का?

मातीमोल: हीच!

कांतारेलवाली: पण सासरे म्हणतात सुटी झाडं वाऱ्याने पडतील. जानेवारी २००५ चं गुद्रुन वादळ ते विसरलेले नाहीत.

मातीमोल: त्यात आडवे झाले ते बहुतेक स्प्रूस, म्हणजे दुसरं सूचिपर्णी झाड. पाइनचं मूळ खोल जातं. आणि बुंध्यांचं अजून सांगितलं नाहीत.

अळंबीप्रेमी: ताई, कांतारेल ओल्या खोबऱ्यात चालते का?

कांतारेलवाली: मस्त! आधी कोरडीच परता, पाणी आटू द्या, मग वाटण. कोकम नको, वास मरतो.