मदत हवी आहे : फायबर पेपरवरचे प्रिंट कमी पाण्यात कसे धुवायचे?

नमस्कार मंडळी,

बऱ्याच वर्षांनी डार्करूम पुन्हा मांडली आहे. कर्वेनगरच्या फ्लॅटमधलं मागचं बाथरूम, खिडकीला काळं रेक्झीन, वॉशिंग मशीनवर प्लायवूड आणि त्यावर मामांचा जुना कंडेन्सर एन्लार्जर. आरसी पेपरवर हात पुन्हा बसला. आता मामांच्या १२० फिल्मच्या निगेटिव्ह करायच्या आहेत. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नारायण पेठेत काढलेल्या आहेत त्या, आणि हे प्रिंट पुढच्या पिढीपर्यंत टिकायला हवेत. म्हणून फायबर पेपर, दहा बाय बारा.

अडचण पाण्याची आहे. आरसीच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे दोन-चार मिनिटांत काम होतं. फायबरचा कागद उघडा. हायपो, म्हणजे फिक्सरमधलं रसायन, कागदाच्या तंतूंत आणि चित्राखालच्या पांढऱ्या बॅरायटाच्या थरात शिरतो आणि लवकर निघत नाही. जुन्या पद्धतीने तासभर वाहत्या पाण्यात धुवायचं म्हटलं तर उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात; नळ सोडून बसलो तर घरच्यांच्या आधी सेक्रेटरीच दार वाजवतील.

इल्फर्ड कंपनीचा क्रम वाचला आहे : रॅपिड फिक्सर एकास चार, फक्त १ मिनिट, मग ५ मिनिटं धुणं, १० मिनिटं वॉशएडमध्ये (हायपो लवकर निघावा म्हणून वापरायचं द्रावण), पुन्हा ५ मिनिटं धुणं. युक्तिवाद पटतो. फिक्सरमध्ये कागद जितका कमी वेळ, तितका हायपो कमी मुरतो. मामा साध्या हायपोत दहा मिनिटं बुडवून ठेवायचे, ती सवय सोडली आहे. वॉशएडऐवजी सोडियम सल्फाइटचं २ टक्के द्रावण वापरतो, लिटरला २० ग्रॅम. पण त्या क्रमातलं धुणं वाहत्या पाण्यातलं आहे. मी ट्रे भरतो, हलवतो, ओततो, पुन्हा भरतो.

तर प्रश्न असे :

सल्फाइटनंतर साचलेल्या पाण्याचे किती बदल पुरतात, आणि प्रत्येक बदलात प्रिंट किती वेळ ठेवता? मी एका ट्रेमध्ये दोनच ठेवतो, कारण चार ठेवले की ते एकमेकांना चिकटतात आणि मधल्यांना पाणीच लागत नाही. त्यात ओला फायबर इतका जड की एका कोपऱ्याला धरून उचलला तर बोटाजवळ चंद्रकोरीसारखी घडी पडते आणि वाळल्यावरही जात नाही. दोन्ही हातांनी उचलावं लागतं, मग ट्रे हलवायचा कोणी?

आधीच्या धुण्यांना बोअरचं पाणी आणि शेवटच्या एक-दोन बदलांना पालिकेचं, असं कोणी करतं का? आमचं बोअर जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो.

एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळीसुद्धा कोमट असतं. डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणतो, धुण्याच्या पाण्याचं तेवढं जमत नाही. इमल्शन, म्हणजे कागदावरचा चित्राचा थर, मऊ पडून नखाचा ओरखडा उठतो. तो थर कडक करणारा हार्डनर वापरावा का? त्याने धुणं आणखी लांबतं असं वाचलंय.

सपाट करण्यासाठी काचेवर गमटेपने चिकटवून वाळवायचं आहे. पाणी लावून चिकटणारी कागदी पट्टी हवी. अप्पा बळवंत चौकात मागितली तर प्रत्येकाने खोक्याला लावायची प्लॅस्टिकची ब्राऊन टेप पुढे केली. पुण्यात ही पट्टी कुठे मिळते?

वाळल्यावर प्रिंट गडद होतो हे माहीत आहे, एक्स्पोजर तेवढं कमी ठेवतो. आणि स्कॅन करून इंकजेटवर काढा हा सल्ला कृपया नको, तो घरातून रोज मिळतो.

शेवटचं. धुणं पुरेसं झालं की नाही हे बघायला पांढऱ्या कडेवर सिल्व्हर नायट्रेट आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या द्रावणाचा थेंब टाकतात, डाग जितका तपकिरी तितका हायपो शिल्लक. एवढ्यासाठी सिल्व्हर नायट्रेट विकत घेणं महागात जातं. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे भागात कोणाकडे हे द्रावण तयार असेल तर सांगा. वेगवेगळे बदल देऊन धुतलेल्या कोऱ्या पेपरच्या पट्ट्या घेऊन येतो, रविवारी सकाळी कधीही. निकाल इथेच टाकेन.