मदत हवी आहे - माळकरी सासूबाईंना मंगोलियन ग्रिलला न्यायचंय, काय काय विचारून घेऊ?

नमस्कार मंडळी, येत्या शनिवारी लेकाचा बारावा वाढदिवस आहे आणि त्याला परत मंगोलियन ग्रिललाच जायचंय. म्हणजे ते, आपण वाडग्यात कच्च्या भाज्या, नूडल्स, चिकन, कोळंबी जे हवं ते भरायचं, वरून सॉस घालायचा आणि मग ते लोक भल्यामोठ्या गोल तव्यावर आपल्यासमोर परतून देतात ते. आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो, इथे अशी बरीच ठिकाणं आहेत.

सासूबाई मे महिन्यात साताऱ्याहून आल्यात. त्या माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ, मटण-मासे-अंडं तर नाहीच पण पदार्थात वाईन वगैरे घातलेली असली तरी चालत नाही आणि आता कांदेनवमी झाली त्यामुळे कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं पण बंद.

जूनमधे एकदा गेलो होतो तिथे. मी आपली घाईत त्यांच्या हातात वाडगा दिला आणि म्हटलं आई, भाज्या घ्या हव्या तेवढ्या, मग मी लेकाच्या मागे गेले. नंतर बघते तर त्या कोबीच्या ट्रेसमोर तशाच उभ्या. कोबीच्या चिमट्याला कच्च्या मांसाची पातळ पट्टी चिकटलेली होती. त्यांनी वाडगा अलगद परत ठेवला. मग मी माझ्या हाताने दुसरा भरून दिला तर तव्यावर त्यांच्या भाज्यांच्या शेजारी वीतभर अंतरावर कुणाची तरी कोळंबी, आणि परतणारा मुलगा त्याच लांब काठ्यांनी दोन्ही परततोय. त्या सगळं बघत होत्या पण एक शब्द बोलल्या नाहीत. सोबत आलेला पांढरा भात तेवढा खाल्ला. रात्री मी भांडी लावत होते तेव्हा हळूच विचारलं, "ताक आहे का गं थोडं?" तेव्हापासून ते माझ्या मनातून जातच नाहीये.

नवरा म्हणतो सरळ एखाद्या साउथ इंडियन ठिकाणी जाऊ, लेकही तयार झाला होता, पण सासूबाईच म्हणाल्या त्याचा वाढदिवस आहे, त्याच्या मनासारखं होऊ दे, मी बसेन. ते "मी बसेन" नकोय मला. त्यांनी सगळ्यांबरोबर गरम गरम जेवावं एवढंच हवंय.

तर प्लीज सांगा, तव्यावर न करता वेगळ्या भांड्यात करून देतात का, आणि ते कधी आणि कुणाला सांगायचं? सॉसपैकी काय चालेल? फोन केला होता तर तिथली मुलगी म्हणाली व्हेजिटेरियन सॉस भरपूर आहेत, पण लसूण कशात नाही ते तिला सांगता येईना. आणि अजून एक, माझा स्वतःचा भाज्यांचा वाडगा नेहमी पाणचट होतो आणि गाजर कच्चं राहतं, ते का होतं?

प्रतिसाद १
मी मिशिगनला शिकत असताना दोन वर्षं अशाच ग्रिलवर काम केलंय म्हणून सांगतो. तवा तीनशे डिग्री सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो, मधेमधे पाणी मारून खरवडतात, पण त्यावर आधीच्या मांसाची चरबी लागलेलीच असते, त्यामुळे खरवडला म्हणजे वेगळा झाला असं सासूबाईंना सांगू नका, ते खरं नाही. बहुतेक ठिकाणी आत किचनमधे वॉक किंवा पॅन असतो आणि ॲलर्जीवाल्यांना, शाकाहारी लोकांना त्यात करून देतात, फक्त दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. हे ग्रिलवाल्याला वाडगा देताना सांगून उपयोग नाही, तो गडबडीत असतो. टेबलवर बसवतात तेव्हाच मॅनेजरला बोलवा. त्यालाच सांगा की भाज्या लाइनमधल्या नकोत, आत फ्रिजमधे कापून ठेवलेल्या असतात त्यातल्या स्वच्छ वाडग्यात आणून द्या. आम्ही द्यायचो, कुणी नीट मागितल्या की.
आणि संध्याकाळी सात वाजता जाऊ नका हो. दुपारी उघडल्या उघडल्या जा. ट्रे नवीन, चिमटे धुतलेले, माणसं निवांत.
पाणचट होण्याचं म्हणाल तर मशरूम, झुकिनी, कोबी, मोड सगळंच पाणी सोडतं, त्यात लोक चार पळ्या सॉस घालतात, मग ते परतलं जात नाही, उकडतं. मांसाच्या वाडग्यात चरबी सुटते म्हणून चालून जातं. भाज्यांना सॉस निम्मा आणि तेल जास्त घ्या. गाजर, ब्रोकोली कमी आणि पातळ तुकडे बघून. टोफू आधी घातला की भुगा होतो, तो वेगळ्या वाटीत द्या आणि शेवटी घाला म्हणून सांगा.

प्रतिसाद २
ताई, सॉसबद्दल सांगते, माझी मुलगी फूड ॲलर्जीवाली आहे त्यामुळे लेबलं वाचून वाचून पाठ झालीत. ऑयस्टर सॉस आणि फिश सॉस तर नावातच कळतात, पण थाई करी, कुंग पाओ, ब्राउन स्टर फ्राय अशा नावांच्या सॉसमधेही ते असू शकतात. होयसिन आणि ब्लॅक बीनमधे मांस नसलं तरी लसूण असतोच असं समजा. तेरियाकीत बऱ्याचदा मिरिन म्हणजे तांदळाची वाईन असते. साध्या सोया सॉसच्याही काही बाटल्यांत टिकण्यासाठी अल्कोहोल घातलेलं असतं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.
एक फार महत्त्वाचं. रेस्टॉरंट ॲलर्जी चार्ट देतं त्यात शेलफिशपुढे खूण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. इथल्या कायद्यात जे मुख्य ९ ॲलर्जन आहेत (तीळ २०२३ पासून धरतात) त्यात कोळंबी-खेकडे येतात, कालवं येत नाहीत. म्हणजे ऑयस्टर सॉस असूनही त्या रकान्यात काहीच दिसणार नाही. तोंडी विचारा, बाटली दाखवा म्हणा.
नूडल्समधे लो मेन बहुतेक अंड्याच्या असतात, तांदळाच्या घ्या.
मी तुमच्या जागी असते तर सॉस घरूनच नेला असता. बिना अल्कोहोलचा सोया सॉस, आल्याचा रस, तिळाचं तेल, मिरपूड, चिमूटभर साखर, लिंबू. छोट्या बाटलीत भरा आणि आधी फोनवर परवानगी घ्या.

प्रतिसाद ३
कामानिमित्त तैवानला राहिलोय म्हणून लिहितो. हा प्रकार मंगोलियाचा नाहीच, तैपेईचा आहे. १९५१ मधे वू चाओ-नान नावाच्या कलाकाराने तिथे खाण्याचं दुकान काढलं, तो मूळचा बीजिंगचा, त्याला बीजिंग बार्बेक्यू असंच नाव द्यायचं होतं पण तेव्हाच्या राजकारणात ते अडचणीचं होतं म्हणून मंगोलियन झालं. तुमच्या लेकाला सांगा, आवडेल त्याला.
तुमच्या कामाचं म्हणजे तैवानमधे बौद्ध शाकाहारी लोक खूप आहेत आणि त्यातले बरेचजण कांदा, लसूण, पात काहीच खात नाहीत. किचनमधे चिनी किंवा तैवानी आचारी असेल तर "बुद्धिस्ट व्हेजिटेरियन, नो गार्लिक, नो ओनियन" एवढंच म्हणा, त्याला पुढचं समजावावं लागत नाही. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं की लसूण येणारच. एशियन दुकानात मशरूमचा व्हेजिटेरियन ऑयस्टर सॉसही मिळतो, चव छान दाट असते.

प्रतिसाद ४
मला वाटतं एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्यांच्यासाठी डब्यात धपाटे न्या, आमच्या आईला आम्ही तसंच करतो.

धागाकर्ती
@प्रतिसाद ४, तुमचं मनापासून आहे ते कळतंय, पण सगळ्यांची ताटं वाफाळती आणि त्यांच्यापुढे डबा हे मला नको वाटतं. एकदा प्रयत्न करते.

धागाकर्ती (रविवार)
काल जाऊन आलो, सगळ्यांचे खूप खूप आभार. शुक्रवारी दुपारी तीनला फोन करून मॅनेजरशीच बोलले, प्रतिसाद १ मधे म्हटलंय तसं गर्दी नसताना. तो म्हणाला सॉस आणा, पॅन नवा घेतो. अकराला उघडतं, आम्ही अकरा दहाला आत. भाज्या आतून आल्या, कोबी, ढोबळी मिरची, बेबी कॉर्न, मोड, थोडं अननस, टोफू वेगळ्या वाटीत. तांदळाच्या नूडल्स. आचारी स्वतः बाहेर येऊन बाटलीचा वास घेऊन गेला आणि तव्यावर नाही, आत पॅनमधे करतोय म्हणून दारातून पॅन उचलून सासूबाईंना दाखवला. त्यांनी हात जोडले.
पहिला घास घेतल्यावर म्हणाल्या, "आल्याचं बरं लागतंय, मीठ थोडं कमी आहे." आणि मग पूर्ण वाडगा संपवला. लेकाने तैपेईची गोष्ट सांगितली तर त्यांनी त्याला दोनदा विचारलं, मग मंगोलियात काय खातात? टीप नेहमीपेक्षा जास्त ठेवली.
आता त्यांना हे घरी लोखंडी कढईत करून बघायचंय, पुढच्या आठवड्यात मैत्रिणीची आईही येतेय जेवायला. तर तो मशरूमचा सॉस बिना लसणाचा कुठला घ्यायचा, डॅलसकडे कुणी वापरलाय का? बाटलीच्या मागचा फोटो टाकलात तर फार बरं होईल.