मदत हवी आहे: घरगुती विजेच्या उत्सर्जनात लोकसंख्येचा वाटा कसा वेगळा काढायचा?

मंडळी, ठाणे-पालघरच्या घरगुती विजेतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाची फोड करतोय: लोकसंख्या × माणशी युनिट × युनिटमागे कार्बन डायऑक्साइड (सुमारे 0.7 किलो). वाटणी लॉग-मीन पद्धतीने (दोन वर्षांच्या आकड्यांची लॉगरिदमिक सरासरी वजन म्हणून घेऊन एकूण बदल घटकांत वाटायचा), म्हणजे शेष उरत नाही. (दोन्ही वर्षांचे आकडे तंतोतंत सारखे आले की एक्सेल शून्याने भागाकार करून रडतं, तिथे तोच आकडा वजन म्हणून घ्यायचा.)

अडलंय कुटुंबाच्या आकारापाशी. फ्रिज माणसागणिक नसतो, घरागणिक असतो. समजा लोकसंख्या 10 टक्के वाढली आणि सरासरी कुटुंब 4.9 वरून 4.4 माणसांवर आलं, तर घरं साडेबावीस टक्के वाढतात. माणशी हिशोबात ही जास्तीची वाढ माणशी युनिटांच्या, म्हणजे राहणीमानाच्या खात्यात जाते, ते साफ चूक. म्हणून घरांची संख्या हा वेगळा घटक घालायचाय.

पण ती आणायची कुठून? जनगणना 2011 चीच. पालघर 2014 मध्ये वेगळा झाला, तेव्हा जुने आकडे आठ तालुक्यांवरून जुळवले, ते जमलं. पुढे 2001-11 चा वाढीचा दर ओढून चालत नाही. राज्याचा प्रजनन दर (बाईमागे सरासरी मुलं) 2019-21 च्या पाहणीतच 1.7 वर आला होता, वसईकडची वाढ मुख्यतः स्थलांतराची.

घरगुती मीटरजोडण्या वापरून पाहिल्या. वसई-विरारला बंद फ्लॅटमुळे घरं फुगतात, चाळीत एका मीटरवर तीन बिऱ्हाडं असली की घटतात. महिना 10 युनिटांखालची मीटरं वगळावीत का? आणि पोटमीटरांसाठी (एका मुख्य मीटरवरची अनेक बिऱ्हाडं) दुरुस्ती गुणक कोणी तालुकावार काढलाय का?