मध्यरात्री जाग येते ती येतेच. थायरॉईडच्या गोळीबरोबर अश्वगंधा, जायफळ चालेल का? (मदत हवी आहे)

कलमवाली

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचून जाते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय ४५. देवगड तालुक्यात, खाडीच्या आतल्या अंगाला राहते. यजमान नोकरीला मुंबईत, मुलगा इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर. घरी मी आणि सासूबाई. घरामागे हापूसची कलमं आणि त्यांच्यावर सोसायटीचं पीककर्ज. मला हायपोथायरॉईड आहे, सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची ७५ची गोळी घेते. बरीच वर्षं तोच डोस. बीपी, शुगर नाही.

झोप लागतच नाही असं नाही. नऊ-साडेनऊला अंग टाकलं की लागते. पण दोन-अडीचला खाडकन डोळे उघडतात आणि छातीत धडधड. यंदा थंडी लांबली. पहिल्या मोहरावर कणी धरली आणि तेवढ्यात परत मोहर फुटला. बागायतदारांना सांगायला नको, पुनर्मोहर आला की झाडाची ताकद तिकडे जाते आणि आधीची वाटाण्याएवढी फळं गळून पडतात. त्यात ढग आले की तुडतुडे, तुडतुडे आले की फवारणी, आणि औषधाच्या दुकानात आधीचीच उधारी. दिवसा कामाच्या रगाड्यात यातलं काही आठवत नाही, सगळं रात्री अडीचला आठवतं. मग मोबाईलवर सॅटेलाईटचं चित्र उघडून ढग बघत बसते. मी टक लावून बघितलं म्हणून ते काय रत्नागिरीकडे वळणार आहेत? पण बघते. पहाटे पाचला डोळा लागतो आणि सहाला वानर हाकायला उठायचंच असतं.

तीन महिने होऊन गेले. आता संध्याकाळ झाली की रात्रीचीच भीती वाटते.

आतापर्यंतचे उपाय असे. सासूबाईंचा पहिल्यापासून एकच घोशा, “वायच जायफळ उगाळ नि दुदातून घे, गपचिप झोप लागतली.” परसात जायफळाचं झाड आहे, कोकण सुगंधा जातीचं, त्यामुळे जायफळाला तोटा नाही. सहाणेवर थोडं उगाळून घेते. बरं वाटतं, पण जाग यायची ती येतेच. मग बाजारातून एक झोपेचं चूर्ण आणलं. डब्यावर अश्वगंधा, जटामांसी एवढंच वाचता येतं, पुढे ‘व इतर वनौषधी’. ते सुरू केल्यापासून धडधड वाढली असं मला वाटतंय. मनाचे खेळ असतील तर तसं सांगा. तिसरं म्हणजे नणंदेने तिच्या पाकिटातल्या आल्प्राझोलमच्या, म्हणजे झोपेच्या, गोळ्या दिल्यात. “अर्धी घे, काय होत नाही, मी किती वर्षं घेतेय.” अजून घेतलेली नाही, कपाटात आहेत.

तर विचारायचं ते हे: अश्वगंधा थायरॉईडला चालते का? जायफळ रोज किती घ्यावं? आणि ती अर्धी गोळी घेऊ का? मनोविकारतज्ज्ञाकडे जा, हा सल्ला येणार हे माहीत आहे. पण आमच्या गावात तसं नुसतं बोललं तरी लोक थेट रत्नागिरीचं, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयाचं, नाव घेतात, हेही लक्षात घ्या.

आडवाटेचा_बाबल्या

ताई, काजूची एक चपटी रात्री पाण्यातून. सकाळी कोंबड्याने उठवेपर्यंत हालचाल नाही. गोळ्याबिळ्या सगळ्या विसराल.

गोळीवाला

बाबल्या, विनोद म्हणून ठीक आहे, पण कपाटात आल्प्राझोलम असलेल्या घरात हा सल्ला देऊ नका. दारू आणि ती गोळी एकत्र गेली तर श्वास मंदावतो. नुसती दारू घेतली तरी झोप पटकन लागते आणि उत्तररात्री मोडते. म्हणजे ताईंचं जे दुखणं आहे तेच वाढतं.

कलमवाली ताई, माझं औषधांचं दुकान आहे, मी डॉक्टर नाही. तरीही सांगतो, ते चूर्ण आधी बंद करा. तुमची शंका मनाचे खेळ वाटत नाही. अश्वगंधेने काहींच्या रक्तात थायरॉईड हार्मोन वाढतं. तुम्ही आधीच बाहेरून थायरॉक्सिन घेताय. दोन्ही मिळून जास्त झालं तर धडधड, घाम, हाताला कंप आणि झोपमोड, हीच लक्षणं येतात. शिवाय अश्वगंधेच्या गोळ्या-चूर्णांनंतर कावीळ, यकृताला सूज अशी प्रकरणं भारतातही नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये त्यावर बंदीच घातली. आपल्याकडे बंदी नाही आणि पुष्कळांना काही होतही नाही, पण थायरॉईडवाल्याने विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ‘इतर वनौषधी’ लिहिलेला डबा तर कोणीच घेऊ नये. त्यात खुरासणी ओवा असू शकतो, सर्पगंधा असू शकते. खुरासणी ओव्याने तोंड कोरडं पडतं, धडधड होते, जास्त झाला तर भ्रम होतो. सर्पगंधेने बीपी उतरतं आणि मन खिन्न होतं.

नणंदेच्या गोळ्या परत करा. आल्प्राझोलम शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. १ मार्च २०१४ पासून आम्हाला त्याची चिठ्ठी बघून वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते, ती उगाच नाही. सवय लागते आणि हळूहळू डोस पुरेनासा होतो. नणंदबाईंना मात्र ‘आजपासून बंद कर’ असं सांगू नका. वर्षानुवर्षं घेणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी थोडी कमी करत सोडायची असते.

कलमवाली

बाप रे. चूर्ण बंद. जायफळाचं कोणीतरी सांगा, सासूबाई उत्तराची वाट बघतायत.

वैद्य_कुडाळ

सासूबाईंना सांगा, त्यांचं चुकत नाही. सहाणेवर दोन-चार वेढे उगाळून, म्हणजे चिमूटभर, दुधातून घ्यायला हरकत नाही. प्रमाण मात्र वाढवत नेऊ नका. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. पाच ग्रॅमच्या पुढे, म्हणजे जवळजवळ एक अख्खं जायफळ पोटात गेलं, तर काही तासांनी धडधड, मळमळ, कोरडं तोंड, भास असं सुरू होतं आणि दिवसभर उतरत नाही. थोडं जायफळ शांत करतं म्हणून जास्त जायफळ जास्त शांत करेल, हा हिशोब इथे चालत नाही.

गोळीवाल्यांशी अश्वगंधेबद्दल अर्धा सहमत. तुमच्या बाबतीत नको, हे बरोबर. पण अश्वगंधा सरसकट वाईट ठरवणं पटत नाही. झोपेसाठी तिच्या लहान चाचण्या झाल्या आहेत, थोडा फायदा दिसतो. त्या बहुतेक दोन-तीन महिन्यांच्याच आहेत, त्यामुळे वर्षभर घेतलं तर काय, याचं उत्तर त्यात मिळत नाही. जटामांसी हिमालयात उंचावर होते, तिथेही आता दुर्मीळ झाली आहे, आणि बाजारात तिच्या नावाने भलतीच मुळं खपतात. ओळखीच्या वैद्याकडून मिळाली तरच घ्या.

पोटात काही घ्यायच्या आधी पादाभ्यंग करा. झोपण्यापूर्वी तळपायांना गाईचं तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीने पाच-दहा मिनिटं घासायचं. दुधाबद्दल सांगायचं तर चरकसंहितेत अनिद्रेसाठी म्हशीचं दूध सांगितलं आहे, गाईपेक्षा जड आणि थंड म्हणून. ते रात्री घ्या. सकाळच्या थायरॉईडच्या गोळीजवळ दूध-चहा आणू नका. आणि दुपारची झोप? चरक ती उन्हाळ्यात चालेल म्हणतो, पण रात्र मोडलेल्या माणसाने तो आधार घेऊन तासभर ताणून देऊ नये.

मोचेमाडची_लेक

कलमवाली, तुमचं वर्णन वाचून माझीच गोष्ट वाचतेय असं वाटलं. आंब्याच्या जागी बोट आणि डिझेलचं कर्ज घाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे सगळे गाढ झोपतात आणि मी छप्पर बघत पडलेली.

माझं जे काही सुधारलं ते एका समुपदेशक बाईंकडून, ऑनलाइन. त्या पद्धतीला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा, बिनगोळ्यांचा उपचार. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हेच करा असं सांगितलं. आणि तिथल्याच झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये या दुखण्यासाठी मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) आणि व्हॅलेरियन (एक वनौषधी) नको म्हटलंय. हे सांगते कारण आता तुम्हाला कोणीतरी मेलाटोनिनची गमी सुचवणारच.

करायचं काय? ऐकायला उफराटं वाटेल. तुम्ही साडेनऊला पडता आणि सहाला उठता. साडेआठ तास अंथरुणात, झोप सगळी मिळून पाच-सहा तास. तर आधी अंथरुणातला वेळच कमी करायचा. उठायची वेळ सहा, ती हलवायची नाही, रात्र कशीही गेली तरी. पडायचं मात्र साडेअकरा-बाराला, त्याआधी नाही. पाच तासांच्या खाली कधी जायचं नाही. झोप सलग व्हायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे यायचं. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर असणाऱ्यांनी हे आपल्या मनाने करू नये.

दुसरं, अडीचला जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत झोप परत आली नाही, तर उठायचं. पडवीत जाऊन बसा, मंद दिव्यात तांदूळ निवडा, काहीही कंटाळवाणं. डोळे जड झाले की आत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. मोबाईल सासूबाईंच्या उशाखाली. ढग बघायचेत ना, संध्याकाळी सहाला बघा आणि त्याच वेळी वहीत लिहा: फवारणी कधी, पैसे कुठून, उद्या कोणाला फोन. रात्री तोच विषय आला तर त्याचं उत्तर वहीत आहे एवढं पुरतं.

पहिला आठवडा फार वाईट जातो. दिवसा पेंगायला होतं. स्कूटर चालवू नका त्या दिवसांत, आणि गड्याबरोबर फवारणीलाही उभं राहू नका.

निवृत्त_परिचारिका

सगळं वाचलं. कोणी एक साधी गोष्ट विचारली नाही. बाय, टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटची कधी केलीस? बरीच वर्षं एकच डोस म्हणतेस. पंचेचाळिशीत वजन बदलतं, शरीर बदलतं, डोस तोच राहील असं नाही. थायरॉक्सिन जरुरीपेक्षा जास्त होत असेल तर नुसत्या त्या गोळीनेही अडीचला जाग येईल. आणि पाळीचं काय? अनियमित झाली असेल, रात्री अंगाचा भडका होऊन जाग येत असेल तर ते स्त्रीरोगतज्ज्ञाचं काम आहे. हिमोग्लोबिनही बघून घे. आधी रक्त, मग जायफळ.

चहा किती घेतेस? दुपारी चारला घेतलेल्या चहातलं अर्धं कॅफिन रात्री नऊलाही अंगात असतं.

आणि लोक काय म्हणतील याची भीती असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. खाडीवर बसून बोललीस तर कोणाला कळणार? मात्र मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर फोनवर थांबू नको. सरळ ओरोसला जिल्हा रुग्णालयात जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

कलमवाली

सगळ्यांचे आभार. जिवाचं बरंवाईट वगैरे नाही हो, कलमं टाकून कुठे जाऊ!

रक्त तपासलं. टीएसएच खाली आलंय, म्हणजे थायरॉईड जास्त होत होतं. डॉक्टरांनी गोळी ५०ची केली. चूर्णाचा डबा दाखवला तर म्हणाले, यातलं किती चूर्णामुळे आणि किती डोसमुळे ते आता सांगता येणार नाही, पण हे परत आणू नका. पाळीच्या तक्रारी आहेत, त्या वेगळ्या दाखवणार आहे. चहा दुपारी दोननंतर बंद केला, तो त्रास झोपेपेक्षा मोठा आहे. काशाची वाटी माळ्यावर सापडली. आता सासूबाई माझे पाय घासतात आणि मी त्यांचे. त्यांना माझ्याआधी झोप लागते.

धडधड कमी आहे. जाग अजून येते. टेली-मानसला फोन केला, बाई नीट बोलल्या, परत करायला सांगितलंय.

मोचेमाडची_लेक, तुम्हाला एक विचारायचं. आंबा सुरू झाला की रात्री उशिरापर्यंत पेट्या भरायच्या असतात. वाशीची गाडी कधी लागेल त्याचा भरवसा नाही, कधी एक वाजतो. तेव्हा ते वेळापत्रक कसं पाळायचं?

मोचेमाडची_लेक

झोपायची वेळ पुढे गेली तर जाऊ दे, उठायची सहाच ठेवा. दुसऱ्या दिवशी फारच झालं तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं, गजर लावून. पेट्या भरून झाल्यावर लगेच पडू नका, अर्धा तास पडवीत बसा, नाहीतर डोळे मिटल्यावरही पेट्याच दिसतात. आणि तेव्हा दलालाचा फोन घेऊ नका. भाव सकाळी कळला तरी चालतो.

निवृत्त_परिचारिका

डोस बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत कर. त्याच्या आधी केलंस तर आकडा खरा कळत नाही. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, आंब्याच्या गडबडीत विसरशील.