मिरवणुकीचं सिम्युलेशन निम्माच वेळ दाखवतंय, कुठे चुकतंय?

मागून_तिसरा:
मंडळी, संचलनाला किती वेळ लागेल हे काढायला पायथनमध्ये छोटं मॉडेल लिहिलं. ३० पथकं, प्रत्येक ४० मीटर लांब, मध्ये १५ मीटर मोकळं, चाल सेकंदाला १ मीटर. मंचासमोर प्रत्येक पथक ६० सेकंद थांबून वाजवतं, म्हणून प्रत्येकाच्या प्रवासात एक मिनिट वाढवला. उत्तर आलं साडेअठ्ठावीस मिनिटं. प्रत्यक्षात ६३ लागली! मी बिगूल घेऊन मागून तिसऱ्या पथकात होतो. अर्धा वेळ पुढच्याची पाठ बघितली, उरलेला वेळ पळालो.

एकपदरी:
तुमची पथकं एकमेकांच्या आरपार जातायत, भुतासारखी. पुढचं थांबलं की मागच्याला थांबावंच लागतं, ओव्हरटेक नाही. म्हणजे मंचासमोरून दर पथकामागे ५५ नाही, ५५ + ६० = ११५ सेकंद जातात. गुणिले ३०, साडेसत्तावन्न मिनिटं.

मागून_तिसरा:
अरे देवा. तरी साडेपाच मिनिटं कमीच पडतात. लाइटहिल-व्हिटमचं १९५५ चं प्रवाहाचं मॉडेल लावू का?

एकपदरी:
३० पथकांना कशाला? त्यात वाहतूक पाण्यासारखी सलग धरतात. तुमच्याकडे मोजून तीस तुकडे आहेत, एकेक मोजा. थांबण्याची लाट मागे सरकते ही कल्पना तेवढी घ्या.

शिट्टीवाले_काका:
बरीच वर्षं रांगा हाकल्यात, म्हणून सांगतो. पुढचं पथक हललं की मागचं लगेच हलत नाही. कुणी पट्टा सावरतो, कुणी पाणी पितो. दहा सेकंद धर. मंचासमोरचा हिशेब १२५ वर गेला. शिवाय 'चला' ही खबर दर दहा सेकंदांना एकच पथक मागे सरकते, तिसावं पथक जवळजवळ पाच मिनिटांनी हलतं. आम्ही सगळ्यांना एकदम थांबवायचो आणि एकदम सोडायचो. रांग १,६५० मीटरची, शिट्टी तिथवर पोचत नाही, म्हणून पथकागणिक एक वॉकी-टॉकी.

मागून_तिसरा:
काका, चालवून बघितलं. दहा सेकंद घातले तर साडेबासष्ट! एकदम सोडलं तर परत साडेसत्तावन्न, आणि मंचापुढे रांगेत भगदाडही पडत नाही. वाजवणं मात्र मंचासमोरच्यानेच, बाकीचे नुसते उभे ना?

शिट्टीवाले_काका:
वाजवू दे की सगळ्यांना. फक्त ५५ चं अंतर कुणी खाऊ देऊ नकोस, नाहीतर थांबल्यावर मंचासमोर नेमकी मोकळी जागा येते.